सरकारी दप्तर, संगणक आणि खर्चाची सबब

(पक्षाच्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात माझ्या वाट्याला आलेला विषय काहीसा रूक्ष आहे. सरकारी कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जनतेला उपलब्ध करून देण्यास सरकारला किती खर्च येतो आणि तो कोणी सोसावा, असा तो विषय आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव या प्रश्नांच्या रांगेत तो बसवला तर कित्येकांना ती कारकुनी वाटेल. आपल्यापैकी काही ज्येष्ठ साथींचे तर असे मत आहे की संगणकाचा हा सारा खटाटोप शहरी मध्यमवर्गाच्या सोयीचा असून भूमिहीन मजुराला त्याचे सुखदुःख नाही. मी या मताशी नम्रपणे असहमत आहे. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती सत्ता, हे खेड्यातील मजुराला आपल्यापेक्षा अधिक कळते. कुळकर्ण्याच्या दप्तरातील एका फेरफारामुळे ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचीच ही माणसे वंशज आहेत.

प्रथम आपल्या परंपरेची आठवण करून देतो. माहितीच्या अधिकाराचा प्रश्न या देशात न्यायासनापुढे ठळकपणे आला तो एका समाजवादी नेत्यामुळे. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीसंबंधी राजनारायण यांनी इंदिरा गांधींविरुद्ध अर्ज केला आणि पंतप्रधानांच्या दौऱ्यातील बंदोबस्ताच्या नियमांचे सरकारी पुस्तक न्यायालयात हजर करण्याची मागणी केली. सरकारने गोपनीयतेचे कारण पुढे केले. १९७५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी असे तत्त्व मांडले की, सार्वजनिक अधिकाऱ्यांनी सार्वजनिक रीतीने केलेले प्रत्येक कृत्य जाणून घेण्याचा जनतेला अधिकार आहे. कायदा होण्यास त्यानंतर तीस वर्षे लागली.

या तीस वर्षांतील निर्णायक लढा राजस्थानात झाला, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तो विशेष उद्बोधक आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि कामावर कधीच न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली. १९९५ साली मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी अशा कागदपत्रांच्या नकला देण्याचे आश्वासन विधानसभेत दिले. परंतु ते वर्षभर आश्वासनच राहिले. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे धरावे लागले. त्या काळात सरकारची भूमिका कोणती होती? कागद पाहा, हवे तर हाताने उतरवून घ्या. नक्कल मात्र मागू नका! सारा संघर्ष झेरॉक्सच्या एका पानावर येऊन ठेपला होता. कारण दाखवलेला कागद विसरला जातो. हातात पडलेली नक्कल पुरावा होते. नकलेची किंमत हा तेव्हापासूनच राजकीय प्रश्न आहे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला. त्याच्या दुसऱ्या कलमातील माहिती अधिकाराच्या व्याख्येतच फ्लॉपी, टेप, चित्रफीत किंवा अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा अधिकार समाविष्ट आहे. चौथे कलम सांगते की सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूचीबद्ध करावेत, उपलब्ध साधनांनुसार वाजवी मुदतीत संगणकावर आणावेत, आणि नागरिकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी इतकी माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करावी. ती स्थानिक भाषेत असावी, आणि विनामूल्य किंवा केवळ माध्यमाच्या अथवा छपाईच्या किमतीत मिळावी, असेही तेथे म्हटले आहे. हे कलम नीट अमलात आले असते तर आजचे भाषण करण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

आता खर्चाच्या मुद्द्याकडे वळू. ‘खर्च’ हा शब्द सरकार मोघमपणे वापरते, आणि त्या मोघमपणातच सारी मेख आहे. आपण त्याची फोड केली पाहिजे. पहिला खर्च म्हणजे कागद मुळात तयार करण्याचा : मोजणी, नोंदणी, हजेरी, हिशेब. तो करातून आधीच भागवलेला आहे. दुसरा खर्च म्हणजे जुने कागद संगणकावर चढवणे, त्यांची सूची करणे, ते जपण्यासाठी यंत्रे व माणसे ठेवणे. हा खर्च खरा आहे, तो दरवर्षी येतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तिसरा खर्च म्हणजे मागितलेला दस्त नागरिकाला देण्यापूर्वी तपासण्याचा. कारण कायद्याने वगळलेला मजकूर त्यातून काढावा लागतो. चौथा खर्च म्हणजे आणखी एक प्रत देण्याचा. संगणकात असलेल्या दस्ताच्या बाबतीत हा चौथा खर्च जवळजवळ शून्य असतो. एका माणसाला प्रत दिली काय आणि दहा हजारांना दिली काय, तिजोरीला फारसा फरक पडत नाही.

सरकारी युक्तिवादात हे चारही खर्च एकमेकांत मिसळले जातात. नागरिक मागतो चौथ्या प्रकारची वस्तू आणि त्याला ऐकवला जातो पहिल्या तीन प्रकारांचा भार. केंद्र सरकारच्या २०१२ च्या नियमांत अर्जाला १० रुपये, साध्या आकाराच्या प्रत्येक पानाला २ रुपये आणि प्रत्येक फ्लॉपीला ५० रुपये असा दर आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला कायद्यानेच शुल्क माफ आहे, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु रेषेच्या किंचित वर असणाऱ्याचे काय? एक हजार पानांच्या नस्तीसाठी त्याला २००० रुपये भरावे लागतात. तीच नस्ती कार्यालयाच्या संगणकात असताना तिची छापील प्रत घेण्यास त्याला भाग पाडणे म्हणजे कागदाचा अपव्यय करून त्याचे बिल नागरिकाच्या माथी मारणे होय. आणि फ्लॉपीची गंमत पाहा. बाजारातून जी वस्तू नाहीशी होत चालली होती तिचा दर २०१२ च्या नियमांत अगत्याने नमूद केला गेला.

खर्चाच्या युक्तिवादाचे दुसरे रूप अधिक प्रतिष्ठित आहे. कायद्याच्या सातव्या कलमात असे म्हटले आहे की, ज्या स्वरूपात माहिती मागितली असेल त्याच स्वरूपात ती सामान्यतः द्यावी. मात्र त्यामुळे कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर अन्यत्र वळत असेल तर गोष्ट वेगळी. हा अपवाद केवळ स्वरूपापुरता आहे, माहिती नाकारण्यासाठी नाही. तथापि व्यवहारात ‘साधनसामग्री वळते’ या शब्दांनी अर्जच निकालात काढले जातात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशी चिंता व्यक्त केली होती की, पंचाहत्तर टक्के कर्मचाऱ्यांचा पंचाहत्तर टक्के वेळ माहिती पुरवण्यातच जावा अशी स्थिती देशाला नको. ही चिंता पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. तहसील कार्यालयातील एकटा कारकून गठ्ठे उपसताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची अडचण कळते. परंतु ती अडचण अर्जदाराने निर्माण केलेली नाही. दप्तराची सूची झाली नाही, चौथे कलम कागदावर राहिले, म्हणून एका अर्जासाठी दहा गठ्ठे उपसावे लागतात. आपल्याच आळसाचा खर्च पुढे करून नागरिकाचा अधिकार आखडणे हे कोणत्या न्यायात बसते?

आणि खर्चाची सबब किती खरी असते याची एक कसोटी साऱ्या देशाने २०२४ साली पाहिली. १५ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि स्टेट बँकेला तपशील देण्यास ६ मार्चपर्यंत मुदत दिली. बँकेने ३० जूनपर्यंत वाढ मागितली. तिचे म्हणणे असे की, २२,२१७ रोख्यांची खरेदी आणि वटवणी यांच्या नोंदी दोन स्वतंत्र ठिकाणी आहेत. त्यामुळे ४४,४३४ माहितीसंच जुळवावे लागतील. ३० जून याचा अर्थ लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर! न्यायालयाने ११ मार्चला ही विनंती फेटाळली आणि दुसऱ्या दिवशी कामकाज संपण्याच्या आत तपशील देण्यास सांगितले. तो १२ मार्चला दिला गेला. रोख्यांचे क्रमांकही पुढे २१ मार्चला बाहेर आले. ज्या कामाला महिने लागणार होते ते दिवसांत झाले. देशातील सर्वांत मोठ्या बँकेला ते परवडत नव्हते असे कोण म्हणेल?

बिहारचे उदाहरण याहून ताजे आहे. २०२५ च्या मतदारयादी पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. ती कोणाची आणि कोणत्या कारणाने, हे प्रसिद्ध करण्याचे बंधन आपल्यावर नाही अशी निवडणूक आयोगाची भूमिका होती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ही नावे कारणांसह जिल्हावार संकेतस्थळांवर, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधता येतील अशी ठेवावीत. काही दिवसांतच ती ठेवली गेली. नावे संगणकात होतीच. उघडण्याची इच्छा तेवढी नव्हती.

आपल्या राज्यातही इच्छा निर्माण झाली की काय घडते ते आपण पाहिले आहे. निजामकालीन दप्तरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे तिचे काम साऱ्या राज्यात पसरले. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधले गेले, जुनी रजिस्टरे उघडली गेली, लाखो नोंदी सापडल्या आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. आरक्षणाच्या वादात आज मी शिरत नाही. माझा मुद्दा इतकाच की आंदोलनाचा रेटा आला तेव्हा ‘एवढा खर्च कसा करावा’ असा प्रश्न मंत्रालयात कोणी विचारला नाही. मग आदिवासींच्या वनहक्क दाव्यांचे कागद, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या याद्या, गायरानांच्या नोंदी यांसाठीच निधी का नसतो?

दस्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिला म्हणजे काम संपले असेही समजू नका. तो कोणत्या रूपात दिला हे पाहावे लागते. मतदारयाद्या छायाचित्राच्या रूपात दिल्या जातात. त्यांत शब्द शोधता येत नाही, दुबार नावांची छाननी यंत्राने करता येत नाही. शोधता येईल अशी यादी मिळावी ही मागणी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. मतदारांची माहिती कोणी घाऊक प्रमाणात उपसू नये, असे कारण त्यामागे दिले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु परिणाम काय होतो? यादी आयोगाच्या संगणकात अक्षरांच्याच रूपात असते. ती चित्रात बदलून दिली जाते. आणि ज्याला तपासायची आहे त्याने ती पुन्हा टंकित करायची. श्रीमंत पक्ष त्यासाठी माणसे नेमतो. आपल्यासारख्या पक्षाचा कार्यकर्ता रात्री कंदिलाखाली नव्हे, पण मोबाइलच्या उजेडात पाने चाळत बसतो.

मग सरकारी दस्त विकावेत काय? अमेरिकेतील संघीय न्यायालये आपली कागदपत्रे संगणकावर पाहण्यासाठी पानामागे दहा सेंट आकारतात. तेथील २००२ च्या कायद्यानुसार हे शुल्क आवश्यक तेवढेच असावे. परंतु जमलेला पैसा न्यायालयांनी अन्य कामांकडेही वळवला. त्याविरुद्ध दावा झाला, २०२० साली अपील न्यायालयाने असा काही खर्च गैरलागू ठरवला, आणि २०२४ साली साडेबारा कोटी डॉलरच्या तडजोडीस मान्यता मिळाली. बोध असा की दप्तराला एकदा उत्पन्नाचे साधन मानले की ते जनतेचे राहत नाही. याउलट आपल्याकडे केंद्राचे राजपत्र २०१५ च्या ऑक्टोबरपासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते आणि ते पाहण्यास पैसा पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे सुमारे ३४,००० निकाल २०२३ च्या जानेवारीपासून विनामूल्य खुले झाले. जेथे करायचे ठरवले तेथे ते परवडले.

सातबाराच्या बाबतीत मात्र आपण विवेकाने बोलले पाहिजे. कर्नाटकात या शतकाच्या आरंभी ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आले आणि प्रत १५ रुपयांना मिळू लागली. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यालाही १५ रुपये पडतात आणि विनास्वाक्षरीचा उतारा पाहण्यास काही पडत नाही. बँकेत दाखवण्यासाठी प्रमाणित उतारा हवा असणाऱ्याने माफक शुल्क द्यावे, यास माझा तात्त्विक विरोध नाही. तलाठ्याच्या मागे घालवलेल्या मजुरीच्या तुलनेत ते स्वस्तच आहे. परंतु रेषा येथेच आखली पाहिजे. प्रमाणपत्राला शुल्क असू शकते; वाचण्याला, पडताळण्याला आणि जाब विचारण्याला शुल्क असता कामा नये.

आता एका अशा खर्चाविषयी, ज्याचा उल्लेख सरकार करत नाही आणि आपणही फारसा करत नाही. दप्तर संगणकावर चढवतो कोण? ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक. तुटपुंज्या मानधनावर, कंत्राटी पद्धतीने, दोन-दोन गावे सांभाळणारी ही तरुण मुले-मुली किमान वेतनासाठी वारंवार रस्त्यावर आली आहेत. ‘डिजिटल राज्या’ची स्वस्ताई त्यांच्या घामातून काढली जात असेल तर ती स्वस्ताई आपल्याला मान्य नाही. दुसऱ्या प्रकारचा खर्च खरा आहे असे मी म्हणालो. तो प्रामाणिकपणे करावा, त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी, ही आपली मागणी असली पाहिजे. फुकट माहिती मागणारा समाजवादी फुकट श्रम मागू शकत नाही.

तिसरा खर्च, म्हणजे तपासणीचा, दिवसेंदिवस वाढणार आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील खासगी माहितीचा अपवाद सैल करून टाकला; व्यापक जनहिताची जी कसोटी त्या पोटकलमातच होती ती तेथून काढली गेली. आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात जनहिताची वाट शिल्लक आहे, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. परंतु अपवाद जितका रुंद, तितके प्रत्येक पान अधिक वेळ तपासावे लागणार, आणि मग तोच वेळ खर्च म्हणून आपल्याला दाखवला जाणार. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. नोंद करतानाच तिचे दोन भाग करावेत. मजुराचे नाव, कामाचे दिवस, दिलेली रक्कम हा सार्वजनिक भाग. बँक खाते, आधार, दूरध्वनी हा खासगी भाग. आरंभीच अशी मांडणी केली तर शेवटी काळी शाई फासत बसावे लागत नाही. रोजगार हमीचे हजेरीपट अनेक वर्षे संकेतस्थळावर उघडपणे दिसत होते आणि त्यामुळे मजुराचे काही बिघडले नाही. बिघडले ते खोटी हजेरी लावणाऱ्यांचे. दुबळ्याचे खासगीपण आणि बलवानाची जबाबदारी यांत गल्लत होऊ देता कामा नये.

आणि शेवटी भिंतीविषयी. राजस्थानात २०१९ च्या सप्टेंबरात जनसूचना पोर्टल सुरू झाले, त्यामागे गावच्या भिंतींवर शिधावाटपाच्या आणि मजुरीच्या याद्या रंगवण्याचा जुना अनुभव होता. संकेतस्थळ झाले म्हणून भिंत पुसू नये. ज्याच्या हाती यंत्र नाही त्याला ‘ऑनलाइन पाहा’ म्हणून सांगणे म्हणजे सेवा केंद्राच्या खिडकीवर पाठवणे, आणि सरकारचा वाचलेला खर्च त्याच्या खिशातून वसूल करणे. संगणकाने नक्कल स्वस्त करावी आणि भिंतीने ती सर्वांपर्यंत न्यावी.

साथींनो, अभ्यासवर्ग ठरावाने नव्हे, कामाने संपला पाहिजे. प्रत्येक तालुका शाखेने पुढील तीन महिन्यांत तीन गोष्टी कराव्यात. एक, आपल्या पंचायत समितीने चौथ्या कलमाखालील माहिती प्रसिद्ध केली आहे का, ती कोणत्या वर्षाची आहे, हे तपासून पत्र द्यावे. दोन, माहिती मागताना ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, ईमेलने’ असे स्पष्ट लिहावे, आणि खर्चाचे कारण दिले गेल्यास त्या खर्चाचा लेखी हिशेब मागावा; नकार आला तर पहिले अपील चुकवू नये. तीन, परिचालकांच्या वेतनाच्या लढ्यात आपण त्यांच्या बाजूला उभे राहावे. राज्य माहिती आयोगापुढील प्रलंबित प्रकरणांची संख्या २०२४ साली एक लाखाच्या वर गेली होती, हे मला ठाऊक आहे. अपिलाला वर्षे लागतील. पण ब्यावरचे मजूर झेरॉक्सच्या एका पानासाठी चाळीस दिवस उन्हात बसले, तेव्हा त्यांच्यापुढे कायदाही नव्हता.

नकलेला किती खर्च येतो, असे सरकार आपल्याला विचारते. आपण सरकारला विचारू या, की न दिलेल्या नकलेचा खर्च आजवर किती झाला, आणि तो कोणी सोसला? खोट्या हजेरीपटांवर गेलेली मजुरी, यादीतून गळलेले मत, फेरफारात गेलेली जमीन, हा तो खर्च आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दाखवलेला नसतो. तो दाखवण्याचे काम आपले आहे.